आतड्यातल्या जंतूंची खानेसुमारी

जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडाशी, माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय ६९. मला त्यांनी सहावीत शेकडेवारीची गणिते घातली होती. त्यामुळे साऱ्या गावाला मी डॉक्टरसाहेब असलो तरी गुरुजी मला अजून ‘अरे’च म्हणतात. टेबलावर त्यांनी एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका ठेवली. सव्वीस पाने, सगळी इंग्रजीत. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने एका कंपनीकडून मोबाइलवर ही तपासणी मागवली होती. कुरिअरने छोटी डबी आली, तिच्यात शौचाचा नमुना घालून परत पाठवला आणि तीन आठवड्यांनी हा अहवाल आला. खर्च साडेनऊ हजार रुपये.

‘‘अरे, माझ्या पोटात काय काय आहे ते सगळं यात लिहिलंय म्हणे. वाच आणि सांग, मला झालंय काय?’’

मी पाने उलटली. शंभरावर जिवाणूंची लॅटिन नावे, प्रत्येकापुढे टक्केवारी, हिरव्या-लाल पट्ट्या. ‘वैविध्य’ या सदरात गुरुजींना शंभरपैकी ३८ गुण. गावातल्या निम्म्या पोरांना काठावर पास करणाऱ्या माणसाला स्वतः नापास झाल्याचे वाईट वाटले असावे. शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या दोन पावडरी तीन महिने घेण्याचा सल्ला होता. त्या सहा आठवडे घेऊन झाल्या होत्या.

तक्रार चार महिन्यांची. काही दिवस मलावरोध, मग दोन दिवस तीन-चार वेळा पातळ. पोटात गुरगुर. आणि हल्ली देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागते. मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. कागदासारखी पांढरी होती. हिमोग्लोबिन आले ८.१. लोह अगदी तळाला गेलेले. शंभर जंतूंची मोजणी झाली होती, पण शौचावाटे रक्त जाते की काय, हा प्रश्न त्या सव्वीस पानांत कुणी विचारलाच नव्हता.

गुरुजींचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्यांच्यानंतर अशा पुस्तिका घेऊन आणखी दोघे येऊन गेले, म्हणून आज हा विषय घेतला आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आतड्यातल्या जिवाणूंचे शास्त्र थोतांड नाही. गेल्या पन्नास वर्षांत वैद्यकात जी मोठी कामे झाली त्यांत याची गणना करावी लागेल. पण संशोधकाच्या हातातले हत्यार वेगळे आणि रोग्याचे निदान करणारी तपासणी वेगळी. हा फरक कळायला हे जंतू मोजतात कसे, ते थोडे समजून घ्यावे लागेल.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. भिंगे घासण्याचा त्याला नाद. १६८१ साली त्याला हगवण लागली, तेव्हा त्याने स्वतःचाच शौच भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्र लिहिले. पण नुसत्या दिसण्यावरून जंतू ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर जाती सारख्याच काड्यांसारख्या दिसतात. म्हणून पुढची पायरी आली ती जंतू वाढवून पाहण्याची, म्हणजे आपण ज्याला ‘कल्चर’ म्हणतो ती. समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर नमुना फासायचा, उबेत ठेवायचा आणि काय उगवते ते पाहायचे. १८८५ साली म्युनिकच्या एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या शौचातून असाच एक जिवाणू वेगळा केला. त्याच्याच नावावरून पुढे त्याला एशेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, म्हणू लागले.

या पद्धतीत एक मोठी खोच आहे. मोठ्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले बहुसंख्य रहिवासी प्राणवायू लागताच मरतात. ते टेबलावरच्या काचेच्या बशीत उगवणार कसे? अमेरिकेत हंगेट नावाच्या शास्त्रज्ञाने गायीच्या पोटातले, गवत पचवणारे जंतू अभ्यासताना हवा काढून टाकलेल्या नळ्यांत ते वाढवण्याची युक्ती काढली. तीच पुढे माणसाच्या आतड्यासाठी उपयोगी पडली. पण ते काम किचकट आहे, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळेत ‘स्टूल कल्चर’ करतात तेव्हा ते करतही नाहीत. तिथे पटकी, विषमज्वर, आमांश अशा मोजक्या रोगांचे जंतू शोधतात. म्हणून रिपोर्टवर ‘रोगजंतू आढळले नाहीत’ असे आले तर पोटात जंतू नाहीत असा अर्थ कोणी काढू नये.

कल्चरला धीरही लागतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात वॉरन आणि मार्शल हे दोन डॉक्टर जठरातला (आतड्यातला नव्हे) एक वाकडा जंतू वाढवू पाहत होते. तीसेक रोग्यांचे नमुने झाले, काही उगवेना. प्रयोगशाळेची रीत अशी की दोन दिवसांत काही दिसले नाही तर बशी टाकून द्यायची. १९८२ च्या ईस्टरला सलग सुट्टी आली, बशा उबवणीपेटीत तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर पाहतात तो जंतू उगवलेला! तोच हेलिकोबॅक्टर. १९८४ मध्ये मार्शलने तो स्वतः पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणून घेतली. अल्सर ‘काळजीने’ होतो ही समजूत त्यातून मोडीत निघाली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. मी शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हाही आमच्या वॉर्डात अल्सरच्या रोग्यांना दूध आणि पांढरे औषध पाजत ठेवत असू. एकाचा अल्सर फुटून तो गेला. आज तोच रोगी दोन आठवड्यांच्या गोळ्यांत बरा झाला असता.

आता गुरुजींच्या पुस्तिकेकडे येऊ. ती कल्चरवरची नाही, जनुकांवरची आहे. १९७७ साली इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वूझ यांनी दाखवून दिले की प्रत्येक जिवाणूत प्रथिने बनवणाऱ्या कारखान्याचा एक भाग असतो आणि त्याच्या अक्षरांवरून कोण कोणाच्या कुळातला हे ठरवता येते. त्या तुकड्याच्या जनुकाला ‘सोळा एस’ म्हणतात. मग जंतू वाढवायची गरज उरत नाही. मेलेला असला तरी चालतो. नमुन्यातला सगळा डीएनए काढायचा, त्यातला फक्त हा तुकडा यंत्राने वाचायचा आणि कोणत्या कुळाचे किती तुकडे निघाले ते मोजायचे. मतदारयादीतली फक्त आडनावे मोजावीत तसे हे काम आहे. स्वस्त, जलद आणि खरोखर उपयोगी.

पण आडनावावरून माणूस कळतो का? आपल्या गावात पाटील किती आहेत! एक पाटील शाळेला जमीन देतो, दुसरा सोसायटीचे कर्ज बुडवतो. यादीत दोघेही पाटीलच. ई. कोलायचेही तसेच आहे. एक प्रकार तुमच्या-माझ्या आतड्यात जन्मभर निरुपद्रवी राहतो. ‘ओ १५७’ नावाचा त्याचाच भाऊबंद लहान मुलाची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. सोळा एसच्या तपासणीत हा फरक बहुधा दिसत नाही.

त्याहून बारकाईची पद्धत म्हणजे एकच तुकडा न वाचता सगळ्या डीएनएचे बारीक तुकडे करून ते सगळेच वाचायचे आणि संगणकाने जुळवायचे. वाचनालयातली सगळी पुस्तके फाडून त्या चिंध्यांतून पुन्हा पुस्तके उभी करण्यासारखे हे आहे. २०१० साली युरोपातल्या १२४ लोकांच्या नमुन्यांवर असे काम प्रसिद्ध झाले. त्यात जिवाणूंची ३३ लाख जनुके सापडली, माणसाच्या स्वतःच्या जनुकांच्या सुमारे दीडशे पट. इथे मला एक चूक दुरुस्त करायची आहे. आपल्या शरीरात पेशींच्या दसपट जंतू असतात असे मी भाषणांतून सांगत आलो, याच सदरातही एकदा लिहिले. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नीट हिशेब मांडला. आपल्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जंतू सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. आणि या सगळ्या जंतूंचे वजन पावशेराच्याही आत.

बरे, मोजणी झाली, टक्केवारी आली. ही टक्केवारी काय सांगते? हे मी गुरुजींना त्यांच्याच विषयात समजावले. आठवडी बाजारात शंभर गाडे आहेत, त्यांत दहा लसणाचे. पावसामुळे कांद्याचे पन्नास गाडे आले नाहीत. आता लसूण किती टक्के? गुरुजी पटकन म्हणाले, ‘‘वीस.’’ लसणाचा एक गाडा तरी वाढला का? ‘‘नाही की रे!’’ अहवालात अमुक जंतू दुप्पट झाला असे लिहिलेले असते तेव्हा तो वाढला, की बाकीचे कमी झाले, हे नुसत्या टक्क्यांवरून सांगता येत नाही.

शिवाय नमुना कोणत्या दिवशीचा आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. शौच घट्ट की पातळ याचे सात प्रकार दाखवणारा एक तक्ता ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केला आहे. बेल्जियममध्ये लुव्हेनच्या संशोधकांनी ५३ निरोगी स्त्रियांच्या नमुन्यांची या तक्त्याशी सांगड घातली, तेव्हा जंतूंचे वैविध्य शौचाच्या घट्टपणाबरोबर ठळकपणे बदलते असे दिसले. म्हणजे मलावरोधाच्या दिवशी नमुना दिला असता तर गुरुजींना कदाचित जास्त गुण पडले असते! त्यात आपल्याकडचा उन्हाळा. संशोधनात नमुना घेतल्याबरोबर बर्फात ठेवतात, उणे ८० अंशांवर गोठवतात किंवा जंतूंची वाढ थांबवणारे द्रावण घालतात. तसे केले नाही तर काही जंतू वाटेतच वाढतात. कुरिअरच्या गाडीत पडलेल्या डबीत ते द्रावण किती आणि कसे मिसळले गेले होते, कोण जाणे. चांगले संशोधक प्रत्येक खेपेला एक कोरी नळीही तपासतात, कारण रसायनांतच भटके डीएनए असतात. त्या कोऱ्या नळीत जे निघते ते हिशेबातून वजा करावे लागते.

आणखी एक मर्यादा. शौच ही मोठ्या आतड्याच्या शेवटची गोष्ट. लहान आतड्यात काय चालले आहे, आतड्याच्या अस्तराला कोण चिकटून बसले आहे, हे त्यावरून नीट कळत नाही. राजमुंद्रीला गोदावरीचे तांब्याभर पाणी घेऊन नाशिकच्या घाटावर काय चालले आहे ते सांगावे, तसा हा प्रकार होतो.

सगळ्यांत मोठा प्रश्न ‘सामान्य’ कशाला म्हणायचे हा. भोपाळच्या संशोधकांनी तिथल्या आणि केरळमधल्या मिळून ११० निरोगी लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी, लोकांत प्रिव्होटेला नावाच्या जंतूचे राज्य होते. केरळच्या लोकांत चित्र वेगळे. दोघेही धडधाकट. मग ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि ठेचा खाणाऱ्या आमच्या गुरुजींची तुलना कोणाशी करायची? अहवालात त्याचा खुलासा नव्हता. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात भारतीयांच्या आतड्यातल्या जंतूंवर बरीच वर्षे काम चालू आहे. असे काम खूप व्हायला हवे. आपल्या तालुक्याचा ‘सामान्य’ माणूस अजून कोणी मोजलेला नाही.

समजा मोजला, आणि रोग्यांत एखादा जंतू कमी दिसला. तरी रोगामुळे जंतू कमी झाला की जंतू कमी झाल्यामुळे रोग, हे कळत नाही. आजारी माणूस कमी खातो, निराळे खातो, औषधे घेतो, आणि या प्रत्येक गोष्टीने जंतू बदलतात. हा गुंता सोडवायला अमेरिकेत सेंट लुईसच्या जेफ्री गॉर्डन यांनी निर्जंतुक उंदीर वापरले. हे उंदीर जन्मापासून बंद पेटीत वाढवतात, त्यांच्या पोटात एकही जंतू नसतो. जुळ्या बहिणींपैकी एक लठ्ठ, एक सडपातळ, अशा जोड्यांचे शौचातले जंतू या उंदरांच्या पोटात सोडले. खाणे सारखे असूनही लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. २०१३ चा हा प्रयोग वर्तमानपत्रांतून फार गाजला आणि ‘बारीक होण्याचा जंतू’ विकणारेही लगेच निघाले. पण उंदीर तो उंदीर. माणसाला गुण येतो का, हे माणसावरच पाहावे लागते, आणि तेही चिठ्ठ्या टाकून. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दुसरे काही, आणि कोणाला काय हे नशिबाने ठरायचे.

अशा चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांत काही गोष्टी खऱ्या उतरल्या आहेत. प्रतिजैविकांच्या माऱ्याने आतड्यातले नेहमीचे जंतू मरतात आणि क्लोस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा दांडगा माजतो, जुलाब थांबता थांबत नाहीत. ॲमस्टरडॅममध्ये अशा रोग्यांना निरोगी माणसाच्या शौचाचे गाळलेले द्रावण नाकातल्या नळीवाटे दिले. वाचकांनी नाक मुरडू नये. सोळापैकी तेरा जण पहिल्याच मात्रेने बरे झाले. नुसत्या औषधावर ठेवलेल्या तेरांपैकी चारच. फरक इतका उघड होता की प्रयोग मध्येच थांबवावा लागला. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच उपचारातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय शरीरात शिरून एक रोगी दगावला. दात्याचा शौच तपासूनच वापरावा लागतो, तो यासाठी.

आपल्या देशातला प्रयोग तर जगाने नावाजला. ओडिशातल्या १४९ खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांना, चिठ्ठ्या टाकून, सात दिवस एकतर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जंतू आणि त्याला लागणारी साखर, नाहीतर तशीच दिसणारी बिनऔषधी पूड दिली. दोन महिने घरोघरी जाऊन पाहणी केली. बिनऔषधी पूड मिळालेल्यांत जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण शेकडा ९, औषधवाल्यांत शेकडा ५.४. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने २०१७ मध्ये हे छापले. पण लक्षात घ्या, ती बाळे पुरेशा दिवसांची, पुरेशा वजनाची आणि आईच्या दुधावरची होती, आणि जंतूही पारखून निवडलेला एकच होता. दुकानातली ‘प्रोबायोटिक’ पुडी म्हणजे तो जंतू नव्हे. कमी दिवसांच्या बाळांना तर अशा पुड्यांपासून धोका संभवतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला आहे. तेव्हा आजीबाईंनी परस्पर आणून चाटवू नये.

मला स्वतःला सर्वांत आवडलेला प्रयोग ढाक्याच्या मीरपूर वस्तीतला. एक ते दीड वर्षाच्या कुपोषित मुलांत आतड्यातले जंतूही वयाच्या मानाने ‘बाळबोध’ राहिलेले असतात. गॉर्डन यांच्या चमूने आणि ढाक्याच्या संशोधकांनी आधी उंदरांत आणि डुकराच्या पिलांत पाहून, हे जंतू वयात आणणारे अन्न शोधले. काय निघाले? हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीनचे पीठ आणि कच्ची केळी! सव्वाशेच्या आसपास मुलांवर तीन महिने प्रयोग झाला. नेहमीच्या पोषक आहारात उष्मांक जास्त असूनही या खाण्यावरच्या मुलांचे वजन अधिक चांगले वाढले. २०२१ साली हा निकाल छापला गेला. अंगणवाडीच्या ताईंना मी तो वाचून दाखवला आहे.

म्हणजे कोणत्या जंतूचा, कोणत्या रोग्याला, कशासाठी उपयोग, असा नेमका प्रश्न विचारला की हे शास्त्र नेमके उत्तर देते. एका माणसाचा एका दिवसाचा नमुना घेऊन ‘तुम्हाला काय झाले आहे’ हे ते आज सांगू शकत नाही. लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात २०२५ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र निवेदन छापले, त्यातही रोजच्या उपचारात अशा तपासण्यांचा आधार घेण्याइतका पुरावा नाही आणि रोग्यांनी त्या परस्पर करून घेऊ नयेत, असेच म्हटले आहे. उलट पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे शौचाची सवय बदलली आणि ती तीन-चार आठवड्यांत पूर्ववत झाली नाही, रक्त पडले, वजन उतरले, विनाकारण पंडुरोग झाला, तर साधी रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास मोठ्या आतड्याची दुर्बिणीने पाहणी, हे आधी करावे. मूळव्याध आहे असे स्वतःच ठरवून बसू नये.

गुरुजींना मी दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी पाठवले. दुर्बिणीत मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेवढा आतड्याचा भाग काढला. गाठ भिंतीबाहेर गेलेली नव्हती, आसपासच्या लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. मुलगा मला भेटला तेव्हा त्याला फार लागले होते. ‘‘काका, मी चांगल्यासाठीच केलं हो,’’ म्हणाला. मी त्याला सांगितले की बापाच्या पोटाची चौकशी करणारी मुले मला रोज दिसत नाहीत. पण ते सहा आठवडे मात्र मला अजून सलतात. गाठ थोडी आणखी पुढे गेली असती तर आज हा लेख लिहिण्याची हिंमत झाली नसती.

परवा गुरुजी टाके कोरडे पडल्याचे दाखवायला आले. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले आहे. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळा होतो, त्याने घाबरू नका, असे सांगितले. वर्षाने पुन्हा दुर्बीण करायची आहे ती तारीख त्यांनी डायरीत लिहून घेतली. रुग्णालयातल्या खिचडीत मीठ नव्हते, ही तक्रार दोनदा सांगून झाली. जाताना म्हणाले, ‘‘अरे, त्या पुस्तकात मला अडतीस गुण होते. आता पुन्हा पाठवला नमुना तर किती पडतील?’’

मी म्हटले, ‘‘गुरुजी, प्रतिजैविकं झालीत, आतडं कापलंय, आठ दिवस पेजेवर होता. कमीच पडतील.’’

‘‘मग नको,’’ म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले.